कॅमेरे चालू, चलान बंद: नेटिव्ह व्हीलॅन न जुळल्याचं बुटीबोरीतलं एक प्रकरण

तक्रार अशी आली: गोदामातला नेटवर्क स्विच पिंगला (चालू आहेस का, या चाचणीच्या संदेशाला) उत्तर देत नाही, डिस्पॅचच्या कॉम्प्युटरना सर्व्हर सापडत नाही, पण त्याच स्विचला जोडलेले कॅमेरे कंट्रोल रूममध्ये स्वच्छ दिसताहेत. ठिकाण बुटीबोरी एमआयडीसी, डाळीवर प्रक्रिया करणारा एक कारखाना. डिस्पॅच बंद म्हणजे चलान निघत नाही, आणि चलान नसेल तर भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन काही उपयोग नाही. दुपारपर्यंत गोदामाच्या दारापासून गेटपर्यंत ट्रक उभे होते. गोदामाचे हिशेबनीस फोनवर म्हणाले, "सर, कॅमेरा दिसून राहिला, अन् कॉम्प्युटर काहून नाही चालून राहिला? वायर तर एकच आहे ना?"

या प्रकरणात विचारला गेलेला सगळ्यात नेमका प्रश्न हाच. फायबर एक, स्विच एक, मग अर्धं चालू आणि अर्धं बंद कसं? फायबर तुटली असती, एसएफपी (फायबर स्विचला जोडणारा सुटा भाग) गेला असता किंवा स्विचचा वीजपुरवठा बसला असता, तर कॅमेरेही गेले असते. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विच आणि तारांवर चालणारी, एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं. एकाच तारेवरून काही व्हीलॅन जातात आणि काही जात नाहीत, तेव्हा तार आणि लाइट तपासण्यात वेळ घालवायचा नाही. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर, कोणत्या व्हीलॅनला वाट आहे आणि कोणाला नाही, ते आधी बघायचं.

मांडणी आणि त्यात झालेला बदल

कारखान्याचं नेटवर्क लहान आहे. ऑफिसच्या इमारतीत सर्व्हर रूम, तिथे कोअर स्विच. तिथून फायबर गेटवरच्या काट्याच्या केबिनमध्ये जाते आणि केबिनमधून पुढची फायबर गोदामात. तीन स्विच एका ओळीत. कोअर आणि गोदामाचा स्विच सिस्कोचे, दोन्हीवर रॅपिड पीव्हीएसटी प्लस चालू, म्हणजे सिस्कोची, प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळं झाड मांडणारी स्पॅनिंग ट्री (फ्रेम गोल फिरत राहू नयेत म्हणून जादा वाटा बंद ठेवणारी यंत्रणा), आणि सगळ्या व्हीलॅनसाठी कोअर हाच रूट, म्हणजे झाडाचं मूळ. व्हीलॅन १० ऑफिसचं, २० काटा आणि डिस्पॅचचं, ३० कॅमेऱ्यांचं. व्हीलॅन ९९ स्विचच्या मॅनेजमेंटसाठी, आणि प्रत्येक ट्रंकवर नेटिव्हही (ज्याच्या फ्रेम व्हीलॅन क्रमांकाचा टॅग न लावता जातात ते) तेच. मॅनेजमेंट आणि नेटिव्ह एकच ठेवण्याची ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्याबद्दल पुढे बोलायचं आहेच.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला होता. या दिवसांत नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि काट्याची केबिन पत्र्याची. आतला जुना स्विच त्या उकाड्यात गेला. काटा बंद ठेवून चालत नाही म्हणून नागपूरच्या बर्डीवरून तातडीने दुसऱ्या कंपनीचा मॅनेज्ड स्विच आला, एका मुलाने येऊन बसवून दिला, काटा सुरू झाला, गेटचा कॅमेरा दिसायला लागला. संध्याकाळची वेळ होती, गोदाम बंद झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी भरून झाली तेव्हा कुठे कळलं की डिस्पॅचला सर्व्हर लागत नाही.

साहजिकच सगळ्यांचा संशय गोदामाच्या स्विचवर गेला. पिंग तोच देत नव्हता ना. तोही उन्हाने गेला असणार, नवीन मागवा, इथपर्यंत बोलणं झालं होतं. कॅमेरे दिसत होते म्हणून ती खरेदी टळली.

कन्सोलवर काय दिसलं

व्हीलॅन ९९ बंद असल्याने दुरून गोदामाच्या स्विचवर शिरता येत नव्हतं. कन्सोल केबल घेऊन, पोत्यांच्या थप्प्यांमागच्या रॅकपर्यंत जाणं हाच मार्ग उरला. लॉग उघडला तर एकामागोमाग या तीन ओळी (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात तो संदेश, पीव्हीआयडी म्हणजे टॅग नसलेल्या फ्रेमसाठी पोर्टवर ठरलेला व्हीलॅन क्रमांक):

स्पॅनट्री-२-आरईसीव्ही_पीव्हीआयडी_ईआरआर: रिसीव्ह्ड बीपीडीयू विथ इनकन्सिस्टंट पिअर व्हीलॅन आयडी २० ऑन गिगाबिटइथरनेट०/१ व्हीलॅन९९

स्पॅनट्री-२-ब्लॉक_पीव्हीआयडी_पिअर: ब्लॉकिंग गिगाबिटइथरनेट०/१ ऑन व्हीलॅन००२०. इनकन्सिस्टंट पिअर व्हीलॅन

स्पॅनट्री-२-ब्लॉक_पीव्हीआयडी_लोकल: ब्लॉकिंग गिगाबिटइथरनेट०/१ ऑन व्हीलॅन००९९. इनकन्सिस्टंट लोकल व्हीलॅन

'शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स' दिल्यावर हाच पोर्ट दोनदा आला, एकदा व्हीलॅन २० साठी आणि एकदा ९९ साठी. 'शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २०' मध्ये त्याची स्थिती बीकेएन (ब्रोकन, म्हणजे थांबवलेला), शेजारी तारांकन, आणि ओळीच्या शेवटी पीव्हीआयडी_इन्क. व्हीलॅन १० आणि ३० मध्ये तोच पोर्ट निवांत फॉरवर्ड करत होता. हिशेबनीसांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं: कॅमेरे ३० मध्ये, डिस्पॅच २० मध्ये.

या ओळींत दोन आकडे आहेत, २० आणि ९९, आणि सगळं प्रकरण त्या दोन आकड्यांत आहे. पहिल्या ओळीचा अर्थ असा: "माझ्याकडे टॅग नसलेला बीपीडीयू आला. टॅग नाही म्हणून मी तो माझ्या नेटिव्हमध्ये, म्हणजे ९९ मध्ये घेतला. पण त्याच्या आत लिहिलंय की तो २० मधून निघाला आहे." घाईत माणूस 'ब्लॉकिंग' हा शब्द वाचतो आणि आकडे सोडून देतो. माझं सांगणं उलटं आहे. 'ब्लॉकिंग' नंतर वाचा, आधी ते दोन आकडे कागदावर लिहून घ्या.

स्पॅनिंग ट्रीला हे कळतं कसं

आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१क्यू मानकाप्रमाणे ट्रंकवरून जाणाऱ्या फ्रेमला चार बाइटचा टॅग लागतो आणि त्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. टॅग नसलेली फ्रेम आली तर ती कुठल्या व्हीलॅनची, हे घेणारा पोर्ट स्वतःच्या सेटिंगवरून ठरवतो. सिस्कोवर त्या सेटिंगला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात, इतर बहुतेक कंपन्यांकडे पीव्हीआयडी. म्हणजे टॅग नसलेल्या फ्रेमची ओळख फ्रेमसोबत प्रवास करत नाही, ती प्रत्येक टोकाला नव्याने ठरते. दोन टोकांचं सेटिंग वेगळं असेल तर एका टोकाला ९९ मधून निघालेली फ्रेम दुसऱ्या टोकाला बिनबोभाट २० मध्ये उतरते. लिंक चालू, लाइट हिरवा, एररचे काउंटर शून्य. या बिघाडाचं खरं अवघडपण हेच.

रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना मांडलेल्या मूळ स्पॅनिंग ट्रीला व्हीलॅन हा प्रकार माहीतच नव्हता, आणि १९९० च्या ८०२.१डी मानकातल्या बीपीडीयूतही व्हीलॅन क्रमांकाला जागा नाही. पुढे सिस्कोने प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र झाड चालवायचं ठरवलं तेव्हा कोणता बीपीडीयू कोणत्या झाडाचा हे सांगण्याची सोय लागली. पीव्हीएसटी प्लसमध्ये हे बीपीडीयू ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीडी या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना उद्देशून असलेल्या) पत्त्यावर जातात. आयट्रिपलईचा नेहमीचा पत्ता, ०१-८०-सी२-००-००-००, तो वेगळा. ज्या व्हीलॅनचा बीपीडीयू त्याच व्हीलॅनचा टॅग, आणि नेटिव्हचा असेल तर टॅगशिवाय. शिवाय प्रत्येक बीपीडीयूच्या शेपटीला एक छोटा टीएलव्ही (प्रकार, लांबी आणि मूल्य अशी नोंद) जोडलेला असतो: प्रकार शून्य, लांबी दोन बाइट, आणि त्या दोन बाइटांत पाठवणाऱ्याचा व्हीलॅन क्रमांक.

पाकिटावर पत्ता असतोच, पण आतल्या पत्राच्या शेवटीही गावाचं नाव लिहिलेलं असावं, तसं हे आहे. वाटेत पाकीट बदललं, पत्ता पुसला, तरी पत्र कुठून आलं ते कळतं. घेणारा स्विच फ्रेम ज्या व्हीलॅनमध्ये उतरली तो क्रमांक आणि आतल्या टीएलव्हीतला क्रमांक ताडून पाहतो. जुळले तर ठीक. नाही जुळले तर दोन्ही व्हीलॅन त्या पोर्टवर थांबवतो, स्वतःचं लोकल आणि समोरून आलेलं पिअर.

दोन्ही का थांबवायची? कारण गळती दोन्हींमध्ये होते. फक्त ९९ थांबवलं तर २० च्या झाडाला अजूनही वाटत राहील की हा पोर्ट आपला आहे. आकड्यांत बघा. कोअरवर सगळ्या व्हीलॅनची प्रायॉरिटी ४०९६ ठेवलेली होती. एक्स्टेंडेड सिस्टिम आयडीमुळे त्यात व्हीलॅन क्रमांक मिळवला जातो, म्हणून २० च्या झाडात कोअरची प्रायॉरिटी ४११६ आणि ९९ च्या झाडात ४१९५. तपासणी नसती तर गोदामाच्या स्विचने ४११६ वाला बीपीडीयू ९९ च्या झाडात घेतला असता. लहान आकडा वरचढ, त्यामुळे ९९ चं झाड २० च्या माहितीवर उभं राहिलं असतं. दोन स्वतंत्र झाडं आपापसात मिसळली की कोणता पोर्ट उघडा ठेवायचा आणि कोणता बंद, या निर्णयाचा पायाच उरत नाही.

चूक गोदामात नव्हती

गोदामाच्या स्विचवर पोर्टचं सेटिंग बिनचूक होतं: ट्रंक, नेटिव्ह ९९, परवानगी १०, २०, ३०, ९९. कोअरच्या गेटकडच्या पोर्टवरही तेच. दोन्ही सिस्को स्विच एकमेकांशी जुळत होते, तरी पीव्हीआयडीचा तंटा उभा राहिला. म्हणजे मधे कुठेतरी पाकीट बदललं जात होतं, आणि मधे एकच डबा होता.

गेटच्या नव्या स्विचच्या वेब पानावर कोअरकडचा पोर्ट बरोबर होता: ९९ अनटॅग्ड, बाकी टॅग्ड. गोदामाकडच्या पोर्टवर मात्र २० अनटॅग्ड, पीव्हीआयडी २०, आणि १०, ३०, ९९ टॅग्ड. हे कसं झालं असावं ते त्या पानावरच दिसत होतं. काट्याच्या कॉम्प्युटरसाठी केलेलं पोर्टचं सेटिंग, २० अनटॅग्ड आणि पीव्हीआयडी २०, इथेही जसंच्या तसं होतं, फक्त वरून बाकीची व्हीलॅन टॅग करून जोडलेली. काम घाईचं, वेळ संध्याकाळची, गोदामाला कुलूप. तिथून तपासायला कोणी नव्हतं.

आता कोअरमधून निघालेल्या बीपीडीयूचा प्रवास बघा. २० चा बीपीडीयू कोअरवरून टॅग २० लावून निघाला, आत टीएलव्ही २०. गेटचा स्विच पीव्हीएसटी प्लस जाणत नाही, तो साधा आरएसटीपी, म्हणजे सगळ्या व्हीलॅनसाठी एकच झाड असलेली स्पॅनिंग ट्री चालवतो. ०१-८०-सी२ पत्त्यावरचा आयट्रिपलईचा बीपीडीयू तो स्वतः वाचतो, पण सिस्कोच्या पत्त्यावरचा बीपीडीयू त्याच्या लेखी कुठल्याही मल्टिकास्टसारखाच. तो व्हीलॅन २० मध्ये आला, २० च्या सगळ्या पोर्टवर पसरवला. गोदामाकडच्या पोर्टवर २० अनटॅग्ड असल्याने जाताना टॅग काढला. गोदामाच्या स्विचला मिळाली टॅग नसलेली फ्रेम, आत लिहिलेलं २०. इथे पोर्ट थांबला.

मधल्या स्विचने स्वतः काहीच तक्रार केली नाही, आणि तो करणारही नव्हता. त्याच्या दृष्टीने दोन्ही पोर्टचं सेटिंग वैध आहे. नेटिव्ह वेगळं असलेले दोन सिस्को शेजारी थेट जोडलेले असते तर सीडीपीनेही (शेजाऱ्याला स्वतःची माहिती कळवणाऱ्या सिस्कोच्या यंत्रणेनेही) नेटिव्ह जुळत नसल्याची सूचना दिली असती. ती बऱ्याच जणांच्या ओळखीची असते. इथे मधला डबा सीडीपी बोलत नव्हता, म्हणून तीही आली नाही. आणि आली असती तरी सीडीपी फक्त सांगतो, वाट अडवत नाही. अडवणं हे काम स्पॅनिंग ट्रीचं.

खात्री करायला गेटच्या स्विचवर गोदामाकडच्या पोर्टचं मिररिंग लावून (त्यावरच्या फ्रेमची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेऊन) लॅपटॉपवर वायरशार्क या फ्रेम उघडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघितलं. दर दोन सेकंदांनी एक बीपीडीयू, टॅग नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता कोअरचा, आणि तपशिलाच्या अगदी तळाशी 'ओरिजिनेटिंग व्हीलॅन' या नावाखाली २०. त्याच्याच आगेमागे टॅग ९९ लावलेला दुसरा, आत ९९. कारखान्याचं आयटी बघणारे गृहस्थ शेजारी उभे होते. त्यांना या दोन फ्रेम एकाखाली एक दाखवल्या आणि पुढचं समजावून सांगायची गरज पडली नाही. अशा वेळी शब्दांनी समजावण्यापेक्षा फ्रेम उघडून दाखवावी, असं माझं ठाम मत आहे.

"बीपीडीयू फिल्टर लावून टाका ना"

दुरुस्तीआधी एक सुचवणी आली, आणि ती इतक्या ठिकाणी ऐकायला मिळते की तिचा पूर्ण विचार करायला हवा. बाहेर ट्रक उभे, उन्हात ड्रायव्हर, आणि स्विच सांगतोय की मी पोर्ट थांबवलाय. मग गोदामाच्या पोर्टवर बीपीडीयू फिल्टर (बीपीडीयू टाकून देणारं सेटिंग) लावा, स्पॅनिंग ट्रीला काही ऐकूच येणार नाही, पोर्ट उघडेल, चलान निघेल. नंतर सवडीने बघू.

पोर्ट उघडला असता हे खरं. चलान निघालं नसतं. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरने सर्व्हर शोधायला एआरपी पाठवला असता तर गोदामाच्या स्विचने त्यावर टॅग २० लावला असता, गेटने तो २० मध्ये घेतला असता, कोअरपर्यंत पोचला असता. सर्व्हरचं उत्तर कोअरवरून टॅग २० ने निघालं असतं, गेटने गोदामाकडे पाठवताना टॅग काढला असता, आणि गोदामाच्या स्विचने ते ९९ मध्ये उतरवलं असतं. डिस्पॅचचा कॉम्प्युटर २० मध्ये बसलेला. उत्तर त्याच्यापर्यंत कधीच पोचलं नसतं. जायला वाट, यायला नाही. मॅनेजमेंटचंही तेच, फक्त दिशा उलटी: कोअरवरून आलेली ९९ ची फ्रेम टॅगसकट नीट पोचते, पण गोदामाच्या स्विचचं उत्तर टॅगशिवाय निघतं आणि गेटवर २० मध्ये जाऊन पडतं.

म्हणजे डिस्पॅच स्पॅनिंग ट्रीने बंद पाडलेलं नव्हतं. पीव्हीआयडी चुकला त्या क्षणी ते बंद पडलं होतं. स्पॅनिंग ट्रीने एवढंच केलं की अर्धवट, एकतर्फी, शोधायला महाकठीण असा बिघाड स्वच्छ बंद स्थितीत आणला आणि दोन आकड्यांसह लॉगमध्ये लिहून ठेवला. फिल्टर लावला असता तर ती नोंदही गेली असती आणि कॉम्प्युटर 'कधी कधी अर्धा चालतो' या वर्णनाच्या मागे कोणीतरी दिवस घालवले असते.

याहून गंभीर गोष्ट पुढे होती. पावसाळ्याआधी कारखान्याने गोदामातून थेट कोअरपर्यंत दुसरी फायबर टाकून घेतली होती, स्प्लायसिंग तेवढं बाकी होतं. ती जोडली की कोअर, गेट, गोदाम अशी रिंग होणार. गोदामाच्या गेटकडच्या पोर्टवर फिल्टर तसाच राहिला असता तर त्या बाजूचे बीपीडीयू कोणी ऐकतच नाही, त्यामुळे रिंग कुठेच कापली गेली नसती. गोदामातलं ९९ चं एक ब्रॉडकास्ट टॅगशिवाय गेटला जाऊन २० होणार, २० म्हणून कोअरला, कोअरवरून नव्या फायबरने गोदामाच्या २० मध्ये, तिथून टॅग लावून परत गेटच्या २० मध्ये, पुन्हा कोअर. इथरनेट फ्रेमला टीटीएल (किती टप्प्यांनंतर संपायचं तो आकडा) नसतो, ती फिरतच राहते. 'सवडीने बघू' म्हणून लावलेली ती एक ओळ, दुसरी फायबर जोडल्याच्या मिनिटात काटा, डिस्पॅच, कॅमेरे सगळं घेऊन बसली असती. म्हणून ही सुचवणी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, कारणासकट नाकारली. नुसतं 'नको' म्हटलं असतं तर पुढच्या खेपेला कोणीतरी ती लावलीच असती.

दुरुस्ती

दुरुस्ती गेटच्या स्विचवर, गोदामाकडच्या पोर्टची: ९९ अनटॅग्ड, २० टॅग्ड, पीव्हीआयडी ९९. इथे एक बारकावा आहे. सिस्कोवर नेटिव्ह व्हीलॅन एका ओळीत बदलते, येणारं आणि जाणारं दोन्ही त्यातच. या प्रकारच्या पुष्कळ स्विचवर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीव्हीआयडी ठरवतो की आत येणारी टॅगविना फ्रेम कुठे जाईल. अनटॅग्ड सदस्यत्व ठरवतं की बाहेर जाताना कोणत्या व्हीलॅनचा टॅग निघेल. वेब पानावर त्या बहुधा दोन वेगळ्या टॅबमध्ये असतात. फक्त पीव्हीआयडी ९९ केला आणि २० अनटॅग्ड राहू दिलं, तर लॉगमधली ओळ जशीच्या तशी येत राहते आणि माणूस चक्रावतो की आता तर आकडा बरोबर आहे. दोन्ही टॅब तपासायचे, आणि सेव्हचं बटणही वेगळं असेल तर ते दाबायचं, नाहीतर पहिल्याच वीज जाण्यात जुनं सेटिंग परत येतं.

गोदामाच्या पोर्टला हात लावला नाही. शट, नो-शट (पोर्ट बंद करून पुन्हा चालू करणं) काही करावं लागत नाही. चुकीचे बीपीडीयू यायचे थांबले की स्विच स्वतःच पोर्ट मोकळा करतो, आणि कन्सोलवर अनब्लॉकिंग आणि 'पोर्ट कन्सिस्टन्सी रिस्टोअर्ड' अशा ओळी येतात. २० साठी आली, ९९ साठी आली. प्रिंटर चालू लागला.

त्याच भेटीत दुसरा बदल मांडला आणि कारखान्याने तो मान्य केला: मॅनेजमेंट आणि नेटिव्ह वेगळे करायचे. आता सगळ्या ट्रंकवर नेटिव्ह ९९९, त्यात एकही उपकरण नाही, आणि मॅनेजमेंटचं ९९ टॅग लावून जातं. पीव्हीआयडीचा तंटा झाला की नेटिव्ह थांबतंच, हे नक्की. मग ज्या वाटेने दुरुस्तीला जायचं तीच वाट नेटिव्हवर ठेवणं बरोबर नाही. ही रचना आधी असती तर तीच चूक होऊनही २० आणि ९९९ थांबले असते, ९९ चालू राहिलं असतं, आणि लॉग ऑफिसात बसून वाचता आला असता.

दुसऱ्या फायबरचा प्रश्न

रिंग जोडायच्या आधी एक गोष्ट कागदावर काढून बघितली, कारण मधे पीव्हीएसटी प्लस न जाणणारा डबा असला की रिंगचं वागणं बदलतं. सिस्कोचे बीपीडीयू गेटमधून नुसते आरपार जातात, गेट त्यात स्वतःचा खर्च (कॉस्ट, म्हणजे वाट निवडताना मोजायचा आकडा) मिळवत नाही. त्यामुळे २० च्या झाडात गोदामाला दोन्ही फायबरवर कोअर थेट शेजारीच दिसतो, खर्च सारखाच. निवड मग कोअरच्या पोर्ट क्रमांकावर ठरते. कोअरचा लहान क्रमांकाचा पोर्ट ज्या फायबरवर, तिकडची बाजू रूट पोर्ट, म्हणजे कोअरकडची चालू वाट. थेट फायबर वापरात राहावी असं वाटत असेल तर गोदामाच्या गेटकडच्या पोर्टचा कॉस्ट हाताने वाढवून ठेवावा लागतो. तो वाढवला.

पण त्याने एक प्रश्न सुटत नाही. समजा कोअर आणि गेटमधली फायबर तुटली. गोदामाच्या बाजूची लिंक चालूच आहे, फक्त बीपीडीयू येणं बंद झालं. रॅपिड पीव्हीएसटीमध्ये दर दोन सेकंदांनी येणारे तीन हॅलो (नेहमीचे बीपीडीयू) चुकले, म्हणजे सहा सेकंद गेले, की आजवर थांबलेला तो पोर्ट डेझिग्नेटेड (त्या बाजूला फ्रेम पोचवणारा) होतो. तो गेटला प्रपोझल (लगेच उघडू का, असा प्रश्न) पाठवतो, पण गेटला ती भाषाच कळत नाही, अॅग्रीमेंट येत नाही. मग जुन्या टायमरने जायचं, १५ सेकंद आणि १५ सेकंद. काटा सुमारे ३६ सेकंद बंद. ट्रक काट्यावर उभा असताना एवढं चालेल, असं कारखान्याचं म्हणणं पडलं, आणि त्यांच्या कामाच्या हिशेबाने ते योग्यच आहे.

तरीही दोन पर्याय पुढे ठेवले. गेटला पुन्हा सिस्को बसवणं, किंवा तिन्ही स्विच एमएसटीवर, म्हणजे व्हीलॅनचे गट करून गटागटाला झाड देणाऱ्या स्पॅनिंग ट्रीवर नेणं. एमएसटी आयट्रिपलईचं मानक आहे, २००२ च्या ८०२.१एस मध्ये आलेलं, आणि गेटच्या नव्या स्विचमध्येही आहे. रीजनचं (एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन आणि व्हीलॅनची वाटणी तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकसारखी ठेवली की तिन्ही स्विच एकाच झाडात येतात आणि ते ३६ सेकंदही जातात. कंपनी कोणती हा प्रश्न उरत नाही. मला एमएसटी जास्त पसंत आहे.

पण एमएसटीकडे जाताना या प्रकरणातली महत्त्वाची राखण हातची जाते, आणि हे निर्णयाआधी स्पष्ट सांगणं भाग होतं. एमएसटीचे बीपीडीयू नेहमी टॅगशिवाय, आयट्रिपलईच्या पत्त्यावर जातात, आणि पाठवणाऱ्याचा पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा हे सांगणारा तो टीएलव्ही त्यांत नसतो. नेटिव्ह जुळत नसेल तर स्पॅनिंग ट्रीला पत्ता लागणार नाही. वर सांगितलेला एकतर्फी बिघाड कोणत्याही नोंदीशिवाय चालू राहील. ती उणीव भरायला एलएलडीपी आहे, सीडीपीसारखीच पण सगळ्या कंपन्यांसाठीची यंत्रणा. त्याच्या ८०२.१ च्या टीएलव्हींमध्ये पोर्ट व्हीलॅन आयडी असतो, आणि तो तिन्ही स्विचवर चालू करून शेजाऱ्याचा आकडा आपल्या आकड्याशी ताडता येतो. एलएलडीपी वाट अडवणार नाही, म्हणून ती ताडणी कोणाला तरी करावीच लागेल. कारखान्याने महिन्याच्या तपासणीच्या यादीत ती ओळ घातली आहे: प्रत्येक ट्रंकचा आपला पीव्हीआयडी, शेजाऱ्याचा पीव्हीआयडी, दोन रकाने.

सध्या रॅपिड पीव्हीएसटी प्लस चालू आहे, दुसरी फायबर जोडली आहे, गेटच्या केबिनमध्ये एक्झॉस्ट पंखा बसला आहे. राखीव स्विच आता सर्व्हर रूममध्ये आधीच सेटिंग करून ठेवला आहे, त्याच्या झाकणावर पोर्टनिहाय चिठ्ठी डकवून: कोअरकडे कोणता पोर्ट, गोदामाकडे कोणता, अनटॅग्ड काय, टॅग्ड काय, पीव्हीआयडी किती. एमएसटीचा बदल दिवाळीच्या सुट्टीत, गोदाम रिकामं असताना करायचं ठरलं आहे. त्या दिवशी गोदामाला कुलूप लावायचं नाही, आणि प्रत्येक व्हीलॅनमधल्या एका उपकरणावरून सर्व्हरला पिंग लागल्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही, हे कामाच्या पत्रात लिहून घेतलं आहे.